एका गुणाचा प्रश्न

चाचणीत विचारलं होतं, लाइन म्हणजे काय.
उत्तर एका शब्दात. गुण एक.
तीस जणांनी लिहिलं रेघ, दोघांनी रेग,
एकीनं ओळ (तिलाही दिला),
आणि श्रीहरी चिलवेरी, पाचवी ब,
यानं खाली घसरत जाणाऱ्या अक्षरात लिहिलंय:
'लाइन म्हणजे जी जाते ती.'

लाल पेन हातात धरून बसलेय.
साखर पेठेत साडेनऊ वाजलेत
आणि लाइन गेलीय.

ज्यांनी हे गाव रात्री ऐकलं नाही त्यांना कसं सांगू,
इथे आवाजानं कुणी जागं होत नाही.
माग थांबले की होतं.
खटखट खटखट, आणि एकदम
कुणी गल्लीच्या तोंडावर हात दाबावा तसं.
म्हातारी माणसं उठून बसतात, बाळं रडायला लागतात,
अंधारातून कुणीतरी म्हणतं, 'लाइन गेली बे.'
मग हत्तुरे लाइनमनला फोन.
तो म्हणतो, लाइनवर राहा.
आणि लाइन कट होते.

पाण्याची लाइन वेगळी. ती पाचव्या दिवशी,
पहाटे तीनला. आधी नळातून वारा खोकतो.
रेशनची आणखी वेगळी.
तिथे अम्मा नंबराला वीट ठेवून यायची
आणि घरी बसून विड्या वळायची.
वीट तिच्या जागी उभी.
लोक ती पायानं पुढे सरकवायचे,
शिव्या देत, पण इमानानं.

रेल्वे लाइन्स म्हणजे तर गाडीच नव्हे,
बंगले, कडुनिंब, आणि इंग्रजी समजणारी कुत्री.
टॉवेलांचा गठ्ठा घेऊन मी फाटकात उभी राहायचे.
'सिट' म्हटलं की कुत्रं बसायचं.
मलाही कळायचं,
पण मी उभीच.

विडी कारखान्याच्या कोपऱ्यावर
लाइन मारणारा एक होता.
नाव सांगत नाही. भिवंडीला गेला.
तोही एक अर्थ.

घरी रेघेला आम्ही गीता म्हणायचो.
तेलुगूत तसंच म्हणतात.
मराठी शाळेत पहिल्यांदा ऐकलं
की गीतेवर हात ठेवून माणसं खरं बोलतात,
तेव्हा वहीतल्या रेघेवर हात ठेवून
मी बाईंना सांगून टाकलं, खडू मीच चोरला.

नान्ना मात्र हा शब्द
एकाच अर्थानं वापरायचे.
ताण्यातला एक धागा तुटतो,
ध्यानात येईपर्यंत हातभर कापड पुढे गेलेलं,
आणि चादरीवरच्या मोराच्या मानेतून
एक बारीक फट थेट शेपटापर्यंत.
'लाइन पडली,' म्हणायचे,
घरात कुणी आजारी पडल्यासारखं.
शेठ बोट ठेवून दाखवायचा, बोलायचा नाही.
मजुरीतून पैसे कापायचा,
आणि चादर आमच्याकडे यायची.

आम्ही तिघं भावंडं
लाइन पडलेल्या चादरींखालीच मोठी झालो.
मोर कुठे कुठे तुटलाय हे मला अंधारातही माहीत होतं.
त्या फटीत करंगळी घालून झोपायचे मी,
सकाळी ती आणखी रुंद झालेली असायची
आणि अम्मा विचारायची, हे कोणी केलं.

शब्दकोशात रेघ पहिली आहे.
बाकीचे अर्थ खाली, आकडे घालून,
एकामागे एक उभे.
आमची चादर त्यात नाही, मी पाहिलंय.

खट.
पलीकडच्या गल्लीत एक माग.
मग चार, मग मोजता येत नाहीत,
मग सगळी पेठ.
शेजारचं बाळ गप्प झालं.
डोक्यावर ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली
आणि श्रीहरीचं अक्षर
होतं तिथेच, तसंच, खाली घसरत.

एक गुण दिला.
उद्या विचारीन त्याला,
तुमच्याकडे किती वाजता आली.